हात खिशातच

१

सहासष्ट वर्षं पूर्ण झाली आणि सरकारने मला फुकट प्रवासाचा पास दिला. देशात कुठेही जा, कुठल्याही बसने. तीन महिने तो ड्रॉवरमध्ये पडून होता, कारण फिंटन, माझा नवरा. फेब्रुवारीत त्याच्या हृदयाने दगा दिला, मार्चमध्ये त्याला घरी आणलं, आणि डॉक्टर माझी नजर चुकवत म्हणाले, "जपा. उन्हाळा निघाला तर पुढचं बघू." मी म्हटलं, "पुढचं मी बघते डॉक्टर, तुम्ही गोळ्या लिहा."

तेव्हापासून मी त्याला डोळ्याआड होऊ दिलं नव्हतं. मरण दारात आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे, असं मी उघड बोलून दाखवायची. फिंटन हसायचा. "तुला बघून ते परत जाईल गं, पण मी इथे कंटाळून मरेन त्याचं काय?"

जूनमधल्या एका गुरुवारी त्यानेच पास शोधून माझ्या पर्समध्ये घातला. "डिंफना, तू दिवसभर माझ्या छातीकडे बघत बसतेस. चहासुद्धा गिळवत नाही मला. जा, एक दिवस कुठेतरी तोंड काळं कर." त्याची बहीण कार्मेल त्याच्याजवळ बसायला आली होती, त्यामुळे नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

बेत साधा होता. सकाळी आमच्या नीनाहहून लिमरिक, तिथून एनिस, मग गॉर्ट, दुपारी गॉलवेत मासे खायचे आणि सातच्या आत घरी. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण मी एकटी अशी कुठल्या गावात नुसती भटकायला कधी गेले नव्हते. बस सुटली तेव्हा मला चक्क शाळा बुडवल्यासारखं वाटलं.

२

लिमरिकला साडेआठला उतरले. कोवळं ऊन पडलं होतं. नदीकाठी एका बाकावर बसून मी घरून आणलेलं सँडविच खाल्लं, हंस बघितले, आणि फिंटनच्या गोळीची वेळ झाली असेल हा विचार तीनदा झटकला.

पुलावरून एक म्हातारा सरळ माझ्या दिशेने आला. इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. पत्ता विचारतोय की काय, म्हणून मी वर बघितलं. त्याने उजवा हात पुढे केला. मी तो घेतला.

"फार वाईट झालं, बाई," तो म्हणाला.

"आलात, बरं वाटलं," मी म्हणाले.

तो मान हलवून निघून गेला. मी सँडविचचा कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण आत्ता काय बोललो.

आता यात माझा दोष एवढाच की मी टिपररी जिल्ह्यातली आहे. आमच्याकडे मयताला गेलं की रांग लावायची, घरच्यांचा हात हातात घ्यायचा, 'फार वाईट झालं' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. घरच्यांनी 'आलात, बरं वाटलं' म्हणायचं. बस. त्या गर्दीत कुणी रडत नाही, कुणी काही विचारत नाही. पण शेवटचा हात सुटेपर्यंत माणूस पुरता गेलेला नसतो, आणि सुटला की गेला. ओळखीचं मयत असो वा शेजारच्या गावातलं, मी आयुष्यात हजारेक रांगांत उभी राहिले असेन. आईच्या वेळी, बापाच्या वेळी, भावाच्या वेळी पलीकडच्या बाजूलाही उभी राहिले. हात समोर आला की माझा हात आपोआप जातो आणि तोंड आपोआप उघडतं.

बिचाऱ्याची माणूस ओळखण्यात चूक झाली असेल, मी स्वतःला समजावलं. तरी फोन लावला.

"मेलो नाही अजून," फिंटन म्हणाला. "उजवा हात तेवढा बधीर झालाय. त्यावर झोपलो असेन. तू कुठेस?"

"नदीवर."

"मग नदी बघ की! फोन कसला करतेस?"

३

मी तीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासलं. नळीत जे दिसतं तेच लिहायचं, नळीत नाही ते लिहायचं नाही. एका म्हाताऱ्याने एकदा हात धरला, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं.

एनिसच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून छत्री आली तर आपण भिंतीला चिकटावं. मी आरामात हिंडले, दोन चपलांच्या दुकानांत उगाच चपला घालून बघितल्या. मग एका छोट्या हॉटेलात शिरून स्कोन, म्हणजे लोणी लावून खायचा गोडसर पाव, आणि चहा मागवला. बाजूच्या टेबलावर तिघी बायका जोरजोरात कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत होत्या. मला गंमत वाटत होती. सून अगदी माझ्यासारखी वाटत होती.

मध्येच त्या बोलायच्या थांबल्या. तिघी उठल्या, पदार्थ अर्धवट टाकून. पहिलीने माझे दोन्ही हात धरले, माझ्या बोटांना लोणी होतं त्याचीही तिला पर्वा नव्हती. "फार वाईट झालं, बाई." दुसरीने तेच. तिसरी चांगली तरुण होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी, मूर्ख बाई, तिघींनाही म्हणाले, "आलात, बरं वाटलं. आलात, बरं वाटलं. आलात, बरं वाटलं."

त्या परत बसल्या आणि सुनेचा विषय जिथे सोडला होता तिथूनच सुरू झाला.

"अहो," मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "काय वाईट झालं?"

तिघींनी माझ्याकडे बघितलं. थोरलीने खुर्ची मागे सरकवली. "काय हो? काही हवंय का तुम्हाला?"

"आत्ता तुम्ही माझे हात धरलेत."

"आम्ही?" ती धाकटीकडे बघून हसली. धाकटीचे डोळे अजून ओले होते, आणि ते का ओले आहेत ते तिला ठाऊक नसावं, कारण तिने ते बोटाने पुसले आणि बोटाकडे बघत राहिली.

बाहेर येऊन मी फोन लावला. कार्मेलने उचलला.

"झोपलाय तो," ती म्हणाली. "डिंफना, रागावू नकोस. मी पाच मिनिटं कपडे वाळत घालायला गेले होते. येऊन बघते तर हा स्वयंपाकघरातल्या खुर्च्या ओढत ओढत बाहेरच्या खोलीत नेतोय. भिंतीला लावून ठेवत होता. त्याला धाप लागली होती गं. मी ओरडले तर म्हणाला, माणसं येतील, बसायला नको?"

मी फोन पर्समध्ये टाकला. आधी एक हात, मग तीन. मी काही खुळी नाही. नळीत जे दिसत होतं ते मला दिसत होतं.

४

तरी गॉर्टला उतरले. का? तर खात्री करायला. आणि खरं सांगायचं तर संतापाने. माझा एक दिवस, तीन महिन्यांतला एकच दिवस, आणि हे कोण लागून गेलेत तो नासवायला?

मी स्वेटरच्या खिशात दोन्ही हात कोंबले आणि चौकातून चालू लागले. गॉर्टमध्ये ब्राझीलची पुष्कळ माणसं येऊन राहिलीत. त्यांच्यातल्या एकीची बेकरी आहे, तिथे चीजचे गोल गरम पाव मिळतात. काउंटरवरची बाई, लुसिमारा, पाव कागदात बांधता बांधता माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "ती रांग माझ्या दुकानाची आहे का?"

मी वळले. दारापासून चौकापर्यंत माणसं उभी होती. पुरुष, बायका, कामाचे बूट घातलेला एक गवंडी, हातात कुत्र्याची साखळी धरलेला एक जण. प्रत्येकात बरोबर एका हाताचं अंतर. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं, आणि कुत्राही खाली बसून होता.

"तुमच्या ओळखीचे आहेत?" लुसिमाराने विचारलं.

"नाहीत. आणि व्हायचंही नाही मला."

पहिला होता तो गवंडी. त्याने सिमेंट लागलेला हात पँटला पुसून पुढे केला. "फार वाईट झालं, बाई."

माझा उजवा हात खिशात उसळला. खोटं सांगत नाही, तो बाहेर यायला बघत होता. मी मूठ आवळून तो दाबून धरला.

"काय वाईट झालं?" मी म्हटलं. "कुणाचं? नाव सांगा की! मयताला आलात आणि नाव ठाऊक नाही? लाज नाही वाटत?"

त्याचा चेहरा खरोखर गोंधळला. त्याने हात तसाच पुढे ठेवला आणि मान मागे वळवली. "मागच्यांना माहीत असेल," तो म्हणाला. त्याच्या मागच्या बाईने तिच्या मागे बघितलं. तिच्या मागच्याने त्याच्या मागे. अशा माना वळत वळत चौकाच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, आणि कोपऱ्यापलीकडे रांग किती होती ते मला दिसलं नाही. मी थोडी पुढे जाऊन बघू शकले असते. गेले नाही.

"ऐका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा नवरा जिवंत आहे. सकाळी त्याने मला हाकलून दिलंय, इतका जिवंत आहे. हा हात मी देणार नाही. उभे राहा संध्याकाळपर्यंत, पाय दुखतील तुमचे."

कुणी हललं नाही. लुसिमाराने काउंटरची फळी उचलली. "आजी, मागून जा," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतून बसस्टॉप जवळ आहे."

गल्लीतून चालतानाच मी फोन लावला, दाताने बटण दाबायची वेळ आली असती पण डावा हात मी मोकळा सोडला. फिंटननेच उचलला, आवाज खणखणीत. "कार्मेलने केलेलं सूप खातोय. भयंकर आहे. तू ये लवकर."

"हात कसा आहे?"

"कसला हात? चांगला आहे की!"

म्हणजे हात दिला नाही तर तो टिकतो. गॉलवे गेलं खड्ड्यात. मी उलट्या दिशेची बस पकडली.

५

बसमध्ये मी पुढून तिसऱ्या सीटवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. एनिसला लोक उतरू लागले. दाराकडे जाताना प्रत्येक जण माझ्या सीटपाशी थांबायचा. हात यायचा. केसाळ, सुरकुतलेला, नेलपॉलिश लावलेला, अंगठ्या घातलेला. मी हातांकडेच बघत होते, चेहऱ्यांकडे बघायची सोय राहिली नव्हती.

"फार वाईट झालं, बाई."

"उतरा. मागे खोळंबा होतोय."

"फार वाईट झालं, बाई."

"तुमच्या घरी झालं असेल. पुढे व्हा."

लिमरिकला बस बदलली, तिथेही तेच. एका बाईच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. आईने तिचं मनगट धरून तिचा हात माझ्यापुढे केला. इवलीशी बोटं, बिस्किटाचा चुरा लागलेली. त्या पोरीला बोलताही येत नसेल धड. सगळ्या दिवसात मला त्या एका हाताचा मोह पडला. मी खिडकीकडे तोंड फिरवून ओठ चावला, रक्ताची चव येईपर्यंत. बाहेर लख्ख ऊन होतं, शेतांत गवत कापायचं काम चाललं होतं. ट्रॅक्टरवरच्या माणसाने बस जाताना टोपी काढली.

मनात दुसराही एक आवाज होता, तीस वर्षं दूध तपासणारा. तो म्हणत होता, डिंफना, तीन महिने तू धड झोपली नाहीस. माणसं सौजन्याने नमस्कार करताहेत आणि तू शिव्या देते आहेस. मी त्याला म्हटलं, असेल तसं. पण हात बाहेर काढून बघायचा प्रयोग मी करणार नाही.

६

आमच्या रस्त्याला वळले आणि दोन्ही बाजूंच्या कुंपणांलगत गाड्या लावलेल्या दिसल्या. आमच्याकडे इतक्या गाड्या एकाच कारणासाठी लागतात. साडेसहा वाजले होते, ऊन अजून चांगलंच होतं, आणि घराचे पडदे ओढलेले होते.

मी मागच्या दाराने आत शिरले. स्वयंपाकघरात कार्मेल उभी होती, दोन्ही हात कोपरांपर्यंत अंड्यांच्या सँडविचमध्ये बुडालेले. ओट्यावर शेजाऱ्यांकडून आणलेले कप मांडलेले. किटली तिसऱ्यांदा उकळत होती.

"फिंटन कुठाय?"

"खोलीत पडलाय. ठीक आहे गं तो! पाचला चहा घेतला." तिचा चेहरा लाल झाला होता. "पण ही माणसं यायला लागली डिंफना. एक आला, मग चार आले, मग संपेचनात. कुणी मेलेलं नाही असं दारात कसं सांगू मी? टोप्या काढून उभे होते बिचारे. मी म्हटलं, या, बसा. आता आलेल्यांना कोरडं कसं पाठवायचं?"

"तू यांचे हात हातात घेतलेस?"

तिने लोण्याची सुरी खाली ठेवली. "सगळ्यांचे," ती म्हणाली. "घ्यायला नकोत?"

मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली. पण त्यासाठीही हात लागला असता.

७

बाहेरच्या खोलीत ते भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसले होते, मांडीवर बशी घेऊन. पंचवीस तरी असतील. कपबश्यांचा हलका आवाज येत होता आणि कुणीतरी हलकं खोकत होतं, जसं मयताच्या घरी खोकतात. मी खांद्याने आणि दातांनी पडदे बाजूला ओढले. ऊन आत आलं. सगळ्यांनी डोळे किलकिले केले.

"चला," मी म्हणाले. "सँडविच संपवा आणि निघा. या घरात मयत नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय कुणी मरत नाही."

ते उठले. बश्या खाली ठेवल्या आणि शिस्तीत रांग लावली. दाराबाहेर जायची वाट माझ्या समोरून होती. मी काखेत हात घट्ट दाबून उभी राहिले. एकेक हात आला, थांबला, खाली गेला. माणूस पुढे गेला. अंगणात गाड्या सुरू झाल्याचे आवाज येऊ लागले. मी मनात म्हणत होते, वीस झाले, आता थोडेच.

शेवटचा निळ्या सुटात होता.

तो सूट आम्ही आमच्या पुतणीच्या लग्नाला शिवला होता. फिंटनने केस विंचरले होते, ओल्या कंगव्याने, भांग पाडून. त्याने माझ्याकडे बघितलं, पण नजर माझ्या चेहऱ्यावर टेकत नव्हती. त्याने हात पुढे केला.

"फार वाईट झालं, बाई," तो म्हणाला.

एकोणचाळीस वर्षांत त्याने मला कधी 'बाई' म्हटलं नव्हतं.

त्याच्या मागे आमच्या झोपायच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. आतले पडदे ओढलेले होते. पलंगावर पांघरूण सपाट नव्हतं. त्याखाली माणसाच्या लांबीचं काहीतरी होतं, आणि पायथ्याला पांघरूण दोन ठिकाणी उचललेलं होतं. उशीपर्यंत माझी नजर जायच्या आत मी त्याला वळसा घालून टाच मारून दार लोटलं. मग पाठीने ते दाबून धरलं आणि हात मागे नेऊन चावी फिरवली. चावी मी स्वेटरमध्ये टाकली.

नळीत काय होतं ते मी बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं नाही. ज्याला लिहायचं त्याने लिहावं.

"फिंटन किनान," मी म्हणाले, "नाटकं पुरे. बूट काढ आणि स्वयंपाकघरात चल."

तो बराच वेळ तसाच उभा होता. मग खाली वाकला आणि नाड्या सोडू लागला.

८

कार्मेल निघून गेली. जाताना तिने भावाकडे बघितलं, आणि मग खोलीच्या बंद दाराकडे. ती मला हात लावणार होती, मी बाजूला झाले.

आम्ही दोघं टेबलाशी बसलो. बाहेर दहापर्यंत उजेड राहतो या दिवसांत. मी चहा केला, कप त्याच्यापुढे सरकवला, त्याच्या बोटांना माझी बोटं लागणार नाहीत असा. त्याने साखर ढवळली. चमचा कपाला लागल्याचा आवाज अगदी रोजचा होता.

मी त्याला सगळा दिवस सांगितला. हंस, चपला, सुनेची उणीदुणी काढणाऱ्या बायका. सुनेपाशी तो हसला. त्याचंच हसू होतं ते, नाकातून येणारं. मी इतकी सुखावले की पुढचं वाक्य विसरले.

मग त्याने टेबलावरून हात पुढे केला.

करंगळी वाकडी असलेला हात. माझ्या बाळंतपणात, त्या मूल न राहिलेल्या बाळंतपणात, रात्रभर धरलेला हात. दवाखान्यात फेब्रुवारीत मी तोच धरून बसले होते आणि सोडायला सांगणाऱ्या नर्सला हाकलून दिलं होतं. तळवा वर होता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि आता त्याची नजर बरोबर माझ्या डोळ्यांवर होती. थकलेली होती फार.

आयुष्यात मला कशाची इतकी भूक लागली नसेल. एकदा धरायचा, बस. एकदाच. आणि मग तीन शब्द म्हणायचे.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर घट्ट बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायची सोय नव्हती.

"चहा गार होतोय," मी म्हणाले. "पी मुकाट्याने."